म्युनिक की बर्लिन? पगाराआधी मुलाची इयत्ता बघा

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, आणि पुण्या-मुंबईतल्या आयटीवाल्यांच्या घरी जर्मनीचा विषय जास्तच निघू लागला. त्याआधी वर्षभर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, जर्मनीने कुशल भारतीयांना द्यायच्या व्हिसांची संख्या वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचं जाहीर केलं होतं. नोकरी शोधताना दोन शहरांची नावं हमखास पुढे येतात: म्युनिक आणि बर्लिन. एकटा माणूस असेल तर कुठेही जावं, जमलं नाही तर दोन वर्षांनी बॅग उचलून दुसरीकडे जाता येतं. बायको, नवरा, सात वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा असं घर हलवायचं असेल, तर मात्र हा निर्णय नुसत्या पगाराच्या आकड्यावर घेऊ नये. जर्मनीत शाळा हा राज्यांचा विषय आहे. म्युनिक बव्हेरिया राज्यात आहे, बर्लिन हे शहरच एक राज्य आहे. म्हणजे शहर निवडताना तुम्ही मुलांचं शिक्षण मंडळही निवडत असता, आणि ही दोन मंडळं एकमेकांपासून फार लांब आहेत.

## दोन्हीकडे सारखं काय?

तुलना सुरू करण्याआधी हे बाजूला काढलं की गोंधळ निम्मा होतो. प्राप्तिकर देशभर एकच. आरोग्य विम्याची सरकारी पद्धत एकच: एकाचा विमा असला की न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात बसतात. प्रत्येक मुलामागे मिळणारा बालभत्ता जानेवारी २०२६ पासून महिन्याला २५९ युरो आहे, तोही दोन्हीकडे तेवढाच. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा निवास परवाना, त्याचे नियमही केंद्राचे आहेत. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कोणतीही नोकरी करता येते. कायमच्या निवासाची परवानगी २७ महिन्यांनी मिळू शकते आणि जर्मन भाषेची बी-१, म्हणजे मध्यम, पातळी असेल तर २१ महिन्यांनी.

फरक उरतो तो घरभाडं, मुलांची सोय, शाळा, जोडीदाराची नोकरी आणि रोजचा प्रवास यांत.

## म्युनिकचा जादा पगार जातो कुठे?

समजा बर्लिनची ऑफर वर्षाला ७० हजार युरोंची आहे आणि म्युनिकची ७८ हजारांची. आठ हजार जास्त दिसतात. कर आणि विमा-पेन्शनची वर्गणी कापून त्यातले साधारण साठ टक्के हातात पडतील असं धरू. म्हणजे महिन्याला चारशे युरोंच्या आसपास.

आता घर. जर्मनीत खोल्या मोजायची रीत वेगळी आहे. तिथे 'तीन खोल्यांचं घर' म्हणजे दोन झोपायच्या खोल्या आणि एक बैठकीची. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत. आपल्या भाषेत टू बीएचके. चार माणसांना ८० चौरस मीटर पुरतं. जाहिरातीत दिसणाऱ्या नव्या घरांचा दर म्युनिकला चौरस मीटरला २० युरोंच्या वर असतो. हिशेबासाठी म्युनिक २२ आणि बर्लिन १६ धरला, तर म्युनिकचं घर १,७६० युरोंना आणि बर्लिनचं १,२८० युरोंना पडतं. फरक ४८० युरोंचा. जादा पगार इथेच संपला, वर खिशातूनच ऐंशी गेले.

हा आकडा 'कोल्ड रेंट'चा, म्हणजे नुसत्या भिंतींच्या भाड्याचा. त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई यांचे पैसे मिळवले की 'वॉर्म रेंट' होतो. ८० चौरस मीटरला दोन्ही शहरांत साधारण ३०० युरो वाढतील असं धरून चला. वीज आणि इंटरनेट त्याहून वेगळे. ही हीटिंगची रक्कम आगाऊ अंदाजाची असते. वर्षभराचा वापर मोजून नंतर फरकाचं बिल येतं आणि पहिल्या हिवाळ्यानंतर ते कित्येक घरांत शेकडो युरोंचं आलेलं असतं. थंडी लागते म्हणून सगळ्या खोल्यांचे रेडिएटर, म्हणजे भिंतीवरचे हीटर, पाचवर (पूर्ण जोरात) ठेवायचे आणि खिडकी अर्धी उघडी, असं केलं की ते होतंच.

## सरकारी सरासरी भाडं बघून फसू नका

दोन्ही शहरं भाड्यांचा अधिकृत तक्ता काढतात. म्युनिकच्या २०२५ च्या तक्त्यात सरासरी कोल्ड रेंट चौरस मीटरला १५.३८ युरो आहे, बर्लिनच्या २०२४ च्या तक्त्यात ७.२१. हे वाचून बर्लिन निम्म्या भाड्यात पडेल असं वाटतं. पडत नाही. या तक्त्यात वर्षानुवर्षं त्याच घरात राहणाऱ्यांची भाडीही आलेली असतात. मुंबईत पागडीच्या खोलीचं भाडं आणि त्याच गल्लीतल्या नव्या फ्लॅटचं भाडं यांची सरासरी काढावी, तसं हे आहे. नव्याने येणाऱ्याला जाहिरातीतलाच दर लागू होतो, आणि बर्लिनमध्ये जुनं भाडं व नवं भाडं यांतली दरी म्युनिकपेक्षा रुंद आहे. स्वस्त घरात बसलेला माणूस ते सोडत नाही, म्हणून बाजारात घरं येत नाहीत.

मग येतो सगळ्यात मोठा सापळा: फर्निचरसह, सहा महिने किंवा वर्षभराच्या कराराचं घर. बर्लिनमध्ये नवीन आलेल्या कुटुंबांना हेच पटकन मिळतं. सोय असते, पण भाडं बाजारापेक्षा बरंच चढं असतं आणि करार संपला की पुन्हा घर शोधायचं. पत्ता बदलला की मुलाची शाळा बदलण्याची वेळ येऊ शकते, कारण प्राथमिक शाळा पत्त्यानुसार नेमून मिळते. नव्या भाषेत नुकत्याच दोन मैत्रिणी मिळवलेल्या मुलीला वर्षात दुसऱ्यांदा 'नवी मुलगी' व्हावं लागतं. त्यामुळे असं घर घ्यावंच लागलं तर ज्या भागात पुढे कायमचं राहायचं आहे, त्याच भागात घ्या.

घर घेताना आणखी काही गोष्टी. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या कोल्ड रेंटइतकं असतं आणि ते तीन हप्त्यांत देता येतं. रिकामं घर म्हणजे खरंच रिकामं: बहुतेक वेळा ओटा, सिंक, कपाटंही नसतात. आधीचा भाडेकरू स्वतःचं स्वयंपाकघर उचलून नेतो किंवा तुम्हाला विकतो, आणि ते दीड-दोन हजार युरो बजेटमध्ये धरलेले नसले की तारांबळ उडते. घरमालकाकडून राहत असल्याचं सही केलेलं पत्र मिळणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. घरात गेल्यापासून १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि ती त्या पत्राशिवाय होत नाही. कर क्रमांक, बालभत्ता, पाळणाघर, शाळा, सगळं त्या एका कागदावर अडतं. घर न दाखवता आधी पैसे मागणारा प्रत्येक जण फसवणारा समजा.

## दोन वर्षांचा मुलगा: इथे बर्लिन स्पष्ट पुढे

शाळेआधीच्या मुलांच्या पाळणाघर-बालवाडीला 'किटा' म्हणतात. वर्षाच्या पुढच्या प्रत्येक मुलाला किटात जागा मिळण्याचा हक्क २०१३ पासून देशभर आहे. प्रश्न पैशांचा आणि प्रत्यक्ष जागेचा.

बर्लिनने ऑगस्ट २०१८ पासून किटाची फी सगळ्या वयांसाठी रद्द केली. जेवणाचे महिन्याला २३ युरो द्यावे लागतात, आणि काही संस्था जादा सोयींसाठी जास्तीत जास्त ९० युरोंपर्यंत घेतात. यासाठी आधी एक कूपन काढावं लागतं. त्याचा अर्ज तुमच्या भागातल्या बाल-युवा कार्यालयात, किटा सुरू करायच्या तारखेच्या नऊ ते दोन महिने आधी करायचा. नुसतं कूपन म्हणजे जागा नव्हे, जागा स्वतः फिरून शोधावी लागते. बर्लिनमध्ये जन्म कमी झाल्याने अलीकडे जागा मिळणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे.

म्युनिकमध्ये चित्र तुकड्या-तुकड्यांचं आहे. शहराने २०१९ मध्ये स्वतःच्या बालवाड्यांत तीन वर्षांपुढच्या मुलांची फी माफ केली. तीन वर्षांखालच्या मुलाचा दर मात्र कुटुंबाच्या उत्पन्नावर आणि संस्थेवर ठरतो, आणि अनुदान न घेणाऱ्या खासगी संस्थेत तो महिन्याला हजार युरोंच्या घरात जाऊ शकतो. शहराच्या हद्दीबाहेर गार्शिंग, उंटरश्लाइसहाइम, गेर्मरिंग अशा गावांत राहिलात तर त्या त्या नगरपालिकेचे दर लागतात. घर पक्कं करण्याआधी ते बघून घ्या.

दोन्ही शहरांत एक गोष्ट नोकरदार आईवडिलांना हमखास अडवते. किटा सुरू झाली म्हणजे पहिल्या सोमवारी मूल सोडून ऑफिसला जाता येत नाही. सवय लावायचा काळ दोन ते सहा आठवड्यांचा असतो. पहिले काही दिवस आई किंवा वडिलांनी तिथेच बसायचं, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास. त्यात मूल आजारी पडलं की काळ लांबतो. दोघांनीही एकाच महिन्यात नोकरीवर रुजू व्हायचं ठरवलं तर हे गणित कोसळतं.

आणि लसीचा कागद विसरू नका. किटा असो वा शाळा, गोवरच्या दोन डोसांचा पुरावा मार्च २०२० पासून कायद्याने लागतो. भारतातल्या एमआर किंवा एमएमआर लसीची नोंद तारीख, शिक्का आणि डॉक्टरांच्या सहीसह असू द्या.

## सात वर्षांची मुलगी: इथे खरा निर्णय आहे

बव्हेरियात प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते, बर्लिनमध्ये सहावीपर्यंत. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या दोन वर्षांत तुमच्या मुलीची पुढची वाट ठरते.

जर्मनीत प्राथमिकनंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत जातात. थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा म्हणजे गिम्नाझियम. मधली, व्यवसाय आणि तांत्रिक शिक्षणाकडे झुकणारी म्हणजे रेआलशूल. बव्हेरियात चौथीच्या मे महिन्यात एक प्रगतिपत्रक मिळतं आणि त्यातल्या तीन विषयांची सरासरी पाहतात: जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास. गुण १ ते ६ असतात, १ सर्वांत चांगला. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, २.६६ पर्यंत रेआलशूल. तीनपैकी दोन विषय सरळसरळ भाषेवर उभे आहेत आणि गणितातही शाब्दिक उदाहरणं असतात.

आता दिवस मोजा. मुलगी तिसरीच्या सुरुवातीला, सप्टेंबरच्या मध्यात म्युनिकला पोचली, तर तिच्याकडे चौथीच्या मेपर्यंत सुमारे वीस महिने आहेत. चौथीतले गुण वर्षाच्या सुरुवातीपासून धरतात, म्हणजे खरे उसंतीचे महिने बाराच. बर्लिनमध्ये हाच टप्पा सहावीत येतो. तिथे गिम्नाझियमच्या जोडीला एक एकत्रित माध्यमिक शाळा असते आणि तिथूनही तेरावी करून विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा देता येते. दोन वर्षं जास्त मिळतात आणि रस्ताही रुंद असतो. अलीकडे बर्लिनने गिम्नाझियम प्रवेशाचे नियम कडक केले आहेत, तरी वेळेचा हा फायदा कायम आहे.

म्हणून आमचा सल्ला सरळ आहे. मोठं मूल चार-पाच वर्षांचं असेल तर शहर निवडायला तुम्ही मोकळे आहात. बालवाडीतून जर्मन शिकत ते पहिलीत जाईल. सात ते नऊ वर्षांचं असेल आणि जर्मन येत नसेल, तर बर्लिनच्या बाजूने मोठं वजन टाका. दहा-अकराव्या वर्षी बव्हेरियात गेल्यास ते सरळ विभागणीनंतरच्या शाळेत बसतं, बर्लिनला अजून प्राथमिक शाळेतच असतं.

## 'मुलं सहा महिन्यांत भाषा शिकतात की!'

खेळाची भाषा शिकतात. मैदानावरचं भांडण, वाढदिवसाचं आमंत्रण, बसमधल्या गप्पा हे वर्षभरात येतं, आणि ते ऐकून आईवडील निर्धास्त होतात. अभ्यासाची भाषा वेगळी. 'पाण्याचे बाष्पीभवन कोणत्या घटकांवर अवलंबून असते ते स्पष्ट करा' हे वाक्य मराठी माध्यमातल्या मुलालाही घरच्या बोलीपेक्षा परकंच वाटतं. ही भाषा यायला कित्येक वर्षं जातात, आणि परिसर अभ्यासाच्या पेपरात तीच लागते.

बव्हेरियाने यासाठी एक खिडकी ठेवली आहे आणि ती फार पालकांना ठाऊक नसते. मातृभाषा जर्मन नसलेलं आणि पहिलीपासून जर्मन प्राथमिक शाळेत नसलेलं मूल असेल, तर ३.३३ पर्यंतच्या सरासरीवरही शाळा त्याला योग्य ठरवू शकते. अट एवढीच, की कमतरता भाषेची आहे आणि ती भरून निघेल असं शिक्षकांना वाटलं पाहिजे. ही सवलत आपोआप मिळेल असं धरून बसू नका, वर्गशिक्षकांशी चौथीच्या सुरुवातीलाच बोला. सरासरी हुकली तर तीन दिवसांचे चाचणी वर्ग असतात. त्यात जर्मन आणि गणितापैकी एकात ३ किंवा त्याहून चांगले आणि दुसऱ्यात ४ किंवा त्याहून चांगले गुण मिळाले की प्रवेश. दोन्हींत ४ असतील तर निर्णय पालकांचा.

## 'पण बव्हेरियाच्या शाळा बर्लिनपेक्षा चांगल्या ना?'

हो. चौथीच्या मुलांच्या २०२१ च्या राष्ट्रीय तुलनेत बव्हेरिया वरच्या टोकाला होतं आणि बर्लिन खालच्या. बर्लिनमध्ये शिक्षकांची टंचाई आहे, आणि शाळा-शाळांमधला फरक मोठा आहे. त्यामुळे बर्लिन निवडलंत तर भाग निवडताना जास्त कष्ट घ्यावे लागतील. आधी शाळा, मग तिच्या प्रवेशक्षेत्रातलं घर, हा क्रम ठेवा. जर्मन पक्कं असलेल्या, अभ्यासात रमणाऱ्या मुलासाठी बव्हेरिया उत्तम आहे यात शंका नाही. अडचण उशिरा येणाऱ्या मुलांची आहे.

चौथीत गिम्नाझियम हुकलं म्हणजे विद्यापीठ कायमचं गेलं, असंही नाही. रेआलशूलनंतर बव्हेरियात तांत्रिक उच्च माध्यमिक शाळा आहेत, तिथून विद्यापीठात जाणारी मुलं भरपूर असतात. पण दहा वर्षांच्या मुलीला 'तू तिकडे, तुझ्या मैत्रिणी इकडे' हे सांगणं सोपं नसतं, आणि तिचा काही दोष नसताना तर नाहीच.

इंटरनॅशनल शाळेचा मार्ग अनेकांना सुचतो. म्युनिकमध्ये तिची फी एका मुलाला वर्षाला २० हजार युरोंच्या आसपास किंवा वर असते. दोन मुलांची फी म्हणजे करानंतरच्या पगाराचा मोठा घास. कंपनी भरणार असेल आणि तसं करारात लिहून देणार असेल तरच विचार करा. बर्लिनमध्ये सरकारी, फी नसलेल्या इंग्रजी-जर्मन द्विभाषिक शाळा आहेत. तिथे अर्ज जागांपेक्षा जास्त येतात आणि भाषेची चाचणी असते, म्हणून जागा गृहीत धरू नका, पण अर्ज जरूर करा.

## दुपारी मुलगी घरी कोण घेईल?

बव्हेरियात पहिली-दुसरीची शाळा अनेक दिवशी अकरा-साडेअकरा ते एकच्या दरम्यान सुटते. पुढचा वेळ सांभाळणारं केंद्र वेगळं शोधावं लागतं, त्याची फी वेगळी. बर्लिनच्या प्राथमिक शाळांत दुपारची सोय शाळेतच असते, आणि पहिल्या दोन इयत्तांना ती २०१९ पासून मोफत आहे. पहिली ते सहावीचं दुपारचं जेवण आणि शाळकरी मुलांचा शहरातला प्रवासही तेव्हापासून मोफत. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांना दिवसभराच्या सोयीचा हक्क देशभर लागू होतो. तरी कायदा आणि प्रत्यक्षातली जागा यांत अंतर राहू शकतं.

## जोडीदाराची नोकरी

हा प्रश्न घरात शेवटी विचारला जातो आणि बहुतेक वेळा तो बायकांच्या वाट्याला येतो. म्युनिकमध्ये बीएमडब्ल्यू, सीमेन्स, अलियान्झ, इन्फिनिऑन अशा कंपन्या आहेत. यांत्रिकी, चिप, वाहन आणि विमा क्षेत्रातल्यांना तिथे वाव मोठा. बर्लिनमध्ये झालांडो, डिलिव्हरी हीरोसारख्या कंपन्यांमुळे इंग्रजीत चालणारी ऑफिसं जास्त. सॉफ्टवेअर, डिझाइन, मार्केटिंगमधल्या आणि जर्मन न येणाऱ्या जोडीदाराला बर्लिनमध्ये दार लवकर उघडतं. डॉक्टर किंवा शिक्षिका असेल तर पदवीची मान्यता राज्याकडून घ्यावी लागते, आणि डॉक्टरांना त्यासाठी वैद्यकीय जर्मनची परीक्षाही असते. अशा जोडीदाराने पुण्यात मॅक्सम्युलर भवनात बी-१ करून विमानात बसणं म्हणजे तिथलं एक वर्ष वाचवणं.

## प्रवास आणि आजी-आजोबा

म्युनिकच्या सात लोकल मार्गांच्या गाड्या शहराच्या मध्यातल्या १९७२ च्या एकाच दुपदरी बोगद्यातून जातात. दादरला सिग्नल बिघडला की जे होतं तेच तिथे होतं. दुसऱ्या बोगद्याचं काम चालू आहे, पण २०३५ च्या आधी तो उघडणार नाही. स्वस्त भाड्यासाठी लांब राहायचं असेल तर शक्यतो मेट्रोच्या मार्गावर राहा. सगळीकडच्या लोकल, मेट्रो, बस चालणारा मासिक पास जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना आहे, त्यामुळे तिकिटात दोन्ही शहरं सारखीच.

एका बाबतीत म्युनिक जिंकतं. मुंबईहून म्युनिकला थेट विमान आहे, बर्लिनला सहसा वाटेत बदलावं लागतं. मधुमेह आणि गुडघेदुखी असलेल्या सत्तरीच्या आजीला फ्रँकफर्टच्या विमानतळावर धावाधाव करून दुसरं विमान पकडणं जड जातं. तीन महिन्यांच्या व्हिसावर त्या येतील तेव्हा किमान ३० हजार युरोंचा प्रवासी आरोग्य विमा बंधनकारक आहे. आधीपासूनचे आजार त्यात धरतात का ते वाचून घ्या.

## 'आधी म्युनिक, नाही जमलं तर बर्लिन'

म्युनिकहून बर्लिनला मूल नेणं त्यातल्या त्यात सोपं. उलटं फार अवघड: बर्लिनमध्ये पाचवीच्या प्राथमिक वर्गात बसलेलं मूल बव्हेरियात गेलं की तिथल्या मुलांची विभागणी होऊन गेलेली असते, आणि गिम्नाझियममध्ये शिरायला प्रवेश परीक्षा किंवा चाचणीचा काळ पार करावा लागतो.

सही करण्याआधी कंपनीच्या एचआरला तीन ओळींची मेल पाठवा: पहिल्या तीन महिन्यांचं घर तुम्ही द्याल का, आणि त्या पत्त्यावर आनमेल्डुंग होते का, मुलांच्या जर्मन शिकवणीचा खर्च स्थलांतराच्या पॅकेजमध्ये धरता येईल का, रुजू व्हायची तारीख शाळेच्या वर्षाशी जुळवता येईल का. महाराष्ट्रात शाळा एप्रिल-मेमध्ये संपते. बव्हेरियाची सप्टेंबरच्या मध्यात सुरू होते, बर्लिनची तारीख दरवर्षी बदलते, बहुतेक ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला. मधले तीन-चार महिने रोज दोन तास जर्मन, बोलायला आणि वाचायला, एवढं केलं तर पहिल्या दिवशी बाईंनी विचारलेलं 'तुझं नाव काय, तुला काय आवडतं?' मुलीला कळेल आणि तिला उत्तरही देता येईल.